सरांसाठी सवायकी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेईन. आज आई असती तर तिनेही तेच सांगितलं असतं. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या संगीताच्या शिक्षिका. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो, मी अजून म्हणतो.

आमचं गाव ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना तासाभरावर आहे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, एवढा एक अभिमान सोडला तर घरात मिरवण्यासारखं काही नव्हतं. वडील आटाचक्कीवर कामाला होते. आमची मराठी अशी, की आई म्हणायची, “दूध उफनलं, जल्दी उतार.” बाई रोज सकाळच्या गाडीने ग्वाल्हेरहून येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. शाळेत एक पेटी होती. ती खेळाच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या जाळीखाली असायची आणि तिचा मधल्या सप्तकातला पंचम वाजत नसे.

आठवीत असताना एकदा बाईंना यायला उशीर झाला, म्हणून प्रार्थनेला पेटी मी वाजवली. बाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, “पंचम तर वाजत नाही. तू काय केलंस?”

“सा दुसरीकडे धरला, बाई. मग ती मुकी पट्टी लागतच नाही.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. चुकत होतं, म्हणून सरकवला.”

त्या दिवसापासून खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

बारावीनंतर वडिलांनी मला चक्कीवर लावायचं ठरवलं होतं. बाई एका रविवारी मुद्दाम आमच्या गावी आल्या. चक्कीवर बसायला जागा नव्हती, म्हणून गव्हाच्या पोत्यावर बसल्या. वडील म्हणाले, “बाई, आमच्यात कोणी कॉलेज पाहिलेलं नाही.”

“मग हा पाहून येईल आणि कसं असतं ते तुम्हाला सांगेल,” बाई म्हणाल्या. “दादा, तीन वर्षं ह्याला मला द्या. नाही जमलं तर चक्की कुठे पळून जातेय?”

वडील हसले. ते फार क्वचित हसत. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो, तो त्या पोत्यावरच्या पाच मिनिटांमुळे.

ग्वाल्हेरला मी मुरारमध्ये खोली घेऊन राहिलो. पण दर रविवारी जेवायला लष्कर भागात बाईंकडे जायचो. तिथे मला बाईंचे यजमान भेटले. ते कॉलेजात गणित शिकवायचे, म्हणून माझ्यासाठी ते ‘सर’. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात आसपासची वीस-पंचवीस मुलं जमायची आणि सर त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. नुसते दोनाचे, तिनाचे नव्हेत, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचेही सगळे. आणि मराठीत. मुलं पंजाबी असोत की सिंधी, की भिंडकडून आलेली, पाढा मराठीतच म्हणायचा. सर म्हणायचे, “मला ज्या भाषेत येतो त्याच भाषेत शिकवणार. तुम्हाला हिंदीत हवा असेल तर वडिलांना विचारा, त्यांना येत असेल तर.” बहुतेकांच्या वडिलांना येत नसे.

सर देव मानत नसत. पण त्यावरून ते कधी कुणाशी भांडले नाहीत. कुणी सत्यनारायणाचा प्रसाद आणून दिला तर चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, “शिऱ्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.” मी एखाद्या मंगळवारी मारुतीला जाऊन कपाळाला शेंदूर लावून त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर माझ्याकडे बघून बाईंना सांगायचे, “आज ह्याची दोन्हीकडे सोय आहे. इथे जेवण, तिथे आशीर्वाद.” बाईही मानत नव्हत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरात मला कुणी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही.

आता मी एका खाजगी शाळेत संगीत शिकवतो. त्याशिवाय उठावन्यांना गातो. आमच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी उठावनी असते. पांढऱ्या चादरी अंथरतात, फोटोला हार घालतात आणि तासभर भजनं होतात. मग लोक एकेक करून उठतात, घरच्यांना हात जोडतात आणि बाहेर पडतात. माझा साथीदार तबलजी ह्याच शहरातला आहे, घरी हिंदी बोलतो आणि मला ‘मास्साब’ म्हणतो. आम्ही दोघांनी गेल्या काही वर्षांत इतक्या उठावन्या केल्या, की आमचा क्रम ठरून गेला आहे. भजनांत आधी हंस उडतो, मग नाव पैलतीराला लागते, मग लेकरू आईबापाच्या घरी पोचतं. शेवटी तबला चढत जातो, एकच तुकडा तीनदा वाजून तिहाई होते आणि सगळे समेवर मान डोलावतात. ह्या कामाला मी कमी लेखत नाही. रडता न येणारी माणसं आमच्या समोर बसून रडली आहेत, आणि उठताना त्यांचा चेहरा हलका झालेला मी पाहिला आहे.

ह्या जानेवारीत सर गेले. वय झालं होतं, आजार मोठा नव्हता, धुकं दाट होतं आणि सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं त्याप्रमाणे देह मेडिकल कॉलेजला दिला. दहावा नाही, तेरावा नाही. गाडी निघून गेल्यावर बाई फाटकाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आत येऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला लागल्या. मी त्यांच्या हातातून पातेलं घ्यायला गेलो तर म्हणाल्या, “राहू दे. मला काहीतरी करू दे.”

चहा झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

“रविवारी सकाळी अकराला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक तास लोक जमतील. भाषणं दोनच. बाकी संगीत तू करायचंस.”

“हो, बाई.”

“हो म्हणू नकोस लगेच. ऐक. त्या तासाभरात ते कुठेतरी आहेत, असं मला कुणी सांगायचं नाही. शब्दांत नाही आणि सुरांतही नाही.”

त्यांना वाटलं मला समजलं नाही. खरंच समजलं नव्हतं.

“अरे, कुणी म्हणालं, ते वरून बघतायत, की माझं लक्ष वर जातं. मी त्या ‘वर’शी मनातल्या मनात भांडत बसते. तेवढ्यात तास संपतो आणि त्यांना आठवायचं राहून जातं. मला तो एक तास हवाय. पुढे लोक येतील, काय काय बोलतील, त्यांना मी अडवणार नाही. पण तो तास मला पुरा हवाय. देशील?”

बाईंनी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

दारात सरांचे धाकटे भाऊ उभे होते. त्यांना सगळे काका म्हणतात. ते रोज पूजा करणारे, एकादशी पाळणारे. ते म्हणाले, “वहिनी, दादाचं मी सगळं ऐकलं. दहावा नको म्हणाला, ठीक. पण एक भजनसुद्धा नाही? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मला काय वाटेल?”

“तुम्हाला वाईट वाटेल, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “मला माहीत आहे.”

काका चपला घालून निघून गेले. काकांची बाजूही मला कळत होती. खरं तर जास्त कळत होती.

रविवारला सहा दिवस होते. पहिल्या दिवशी मी माझ्या वहीतली सगळी भजनं काढली आणि ज्यांत वर जाणं नाही, पलीकडे जाणं नाही, घरी परतणं नाही अशी शोधू लागलो. एकही सापडेना. तेव्हा ठरवलं, शब्दच नकोत. नुसता आलाप करू, पेटी, गळा आणि तबला. तीन दिवसांत जोगियात एक वीस मिनिटांची रचना बांधली. मला ती आवडली होती. बांधताना दोनदा माझेच डोळे भरून आले, त्यामुळे ती चांगली असणार अशी माझी खात्री झाली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तबलजीला घेऊन बाईंकडे गेलो. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे उघडे ठेवून ऐकू लागल्या. त्या नेहमी डोळे उघडे ठेवूनच ऐकतात. मी मंद्रातून सुरुवात केली, हळूहळू चढत गेलो आणि शेवटी तार षड्जावर येऊन थांबलो, लांब, अगदी श्वास संपेपर्यंत. तबलजीने त्याच्यावर सुंदर तिहाई टाकली.

बाईंनी विचारलं, “वर कोण जातंय?”

“अं?”

“सगळी वाट खालून वर काढलीस. वरच्या ‘सा’वर गेलास आणि तिथे राहिलास. मग ह्यांनी,” त्यांनी तबलजीकडे हात केला, “तीनदा दार वाजवलं आणि कुणीतरी आत घेतलं. कुणाला पोचवलंत तुम्ही दोघांनी?”

तबलजी माझ्याकडे बघू लागला. “मास्साब, आंटी क्या कह रही हैं?”

“कह रही हैं कि हमने सर को स्वर्ग पहुँचा दिया।”

“तो अच्छा ही किया ना?”

बाईंना हसू आलं. सर गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. त्यांनी आम्हाला तिळाची गजक आणून दिली. पण रचना काही पास केली नाही. दारात मला म्हणाल्या, “तुला दोष देत नाही. रोजचा हात तिकडेच वळणार. पण दोन दिवस आहेत.”

परतताना इंदरगंजच्या चौराह्यावर आम्ही चहाला थांबलो. मी तबलजीला म्हटलं, शेवटी तिहाई नको. तो चहाचा पेला हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

“बिना तिहाई के? मास्साब, लोग समझेंगे तबले वाला भूल गया। मेरे घर में भी इज़्ज़त नहीं बचेगी।”

“समेवर येऊन थांबलं की पोचल्यासारखं वाटतं.”

“तो और कैसे रुकें? बीच सड़क पर?”

“हो,” मी म्हटलं. “बहुतेक तसंच.”

“सर बीच सड़क पर रुके थे क्या?”

प्रश्न बरोबर होता. सर कसे थांबायचे? मी चार दिवस मरणाबद्दल गाणं बांधत होतो आणि ज्यांच्यासाठी बांधत होतो त्यांचा विचारच केला नव्हता. सरांना राग ओळखता येत नसत. भैरव असो, बिहाग असो, सगळ्याला एकच म्हणायचे, “हा बरा आहे.” गाण्यातली एकच गोष्ट त्यांनी मला शिकवली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझी सवाई लय काही केल्या बसेना. चार मात्रांच्या जागेत पाच भरायच्या की मी घसरायचो. जेवताना मी बाईंना हे सांगत होतो. सर ताटावरून मान वर न करता म्हणाले, “सवायकी म्हण.” मी म्हटली. त्यांनी डाव्या हाताने पाटावर ठेका धरला आणि मला पुन्हा म्हणायला लावली. एक सव्वा सव्वा. दोन सव्वा अडीच. तीन सव्वा पावणेचार. चार सव्वा पाच. ‘पाच’वर माझा शब्द आणि त्यांचं बोट एकत्र पडलं. मग सुटले, ते ‘आठ सव्वा दहा’ला पुन्हा भेटले. लय बसली. कढी गार झाली.

त्या चौराह्यावर, गाड्यांच्या भोंग्यांत, मी तबलजीला सवायकी म्हणून दाखवली आणि टेबलावर बोटाने सवाई धरायला सांगितलं. पहिल्या दमात त्याला मजा वाटली. मी ‘दहा सव्वा साडेबारा’ म्हणून थांबलो तेव्हा त्याचं बोट हवेतच राहिलं.

“आगे?”

“पुढे नाही. पाढा दहापर्यंतच असतो.”

“पर ये तो पूरा नहीं हुआ। आधा लटक रहा है।”

“हो.”

चहा संपवून तो म्हणाला, “चलो, इसमें तबले वाले की गलती नहीं दिखेगी। पहाड़े की दिखेगी।”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून एवढंच सांगितलं, की बिलावलमध्ये थोडा आलाप आहे, मधल्या सप्तकातच राहणारा, आणि त्यानंतर सगळ्या हॉलने म्हणायची सवायकी आहे.

“सगळ्यांना येईल?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्याकडे शिकलेल्यांना येईल.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

रविवारी हॉल भरला. धुक्यामुळे लोक स्वेटर, मफलर, टोप्या घालून आले होते. पुढच्या रांगेत बाई, त्यांची इंदूरहून आलेली मुलगी, आणि काका. काका आले होते, पण हात घट्ट बांधून बसले होते. मागे सरांचे विद्यार्थी. कुणी सिटी सेंटरमधल्या बँकेत अधिकारी, कुणी निवृत्त इंजिनिअर. एक इंदरगंजातला बिजलीच्या सामानाचा दुकानदार, पंजाबी, चांगला साठीचा. तो मला आधीच सांगून गेला होता, “भाई साहब, मराठी मुझे बस इतनी ही आती है, सवायकी।”

दोन छोटी भाषणं झाली. मग मी आलाप केला. आठ-नऊ मिनिटं, बिलावल, साधा. वर गेलो नाही. ते किती अवघड होतं ते गाणाऱ्यांना कळेल. गळा आपसूक वर ओढत होता आणि मी त्याला उतारावरच्या सायकलीसारखा ब्रेक लावून धरला होता. मधूनच बाईंकडे बघत होतो. त्यांचे डोळे उघडे होते.

मग मी सांगितलं, आता सवायकी. मी एक ओळ म्हणेन, आपण मागून म्हणावी. तबलजीने सवाई धरली. मी संथ, गंभीर आवाजात सुरुवात केली, “एक सव्वा सव्वा.” हॉलमधून दबका आवाज आला, “एक सव्वा सव्वा.” लोक खाली बघून म्हणत होते, देवळात म्हणतात तसं. चारापर्यंत बरं गेलं. ‘पाच सव्वा सव्वासहा’. ‘सहा सव्वा साडेसात’. आणि मग सातावर, मी म्हणायच्या आधीच, तो दुकानदार उत्साहाच्या भरात मोठ्याने म्हणून गेला, “सात सव्वा साडेआठ!”

खरं तर सात सव्वा पावणेनऊ. हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं, पण शोकसभेत कोण बोलणार?

पुढच्या रांगेतून काका ओरडले, “चुकलं! पहिल्यापासून!”

हा सरांचा नियम होता. एक चुकला की सगळ्या वर्गाने पहिल्यापासून म्हणायचं. कोण चुकला ते सर कधी विचारत नसत. आणि काका लहानपणी त्यांचे पहिले विद्यार्थी होते, हे मला त्या दिवशी त्यांच्या आवाजावरून कळलं. तो आवाज भावाचाच होता, तसाच करडा, तसाच घाईतला.

मग जे झालं ते मी बसवलेलं नव्हतं. निवृत्त इंजिनिअर, बँकेचे अधिकारी, त्यांच्या बायका, सगळे एकदम ताठ झाले आणि माझी वाट न बघता सुरू झाले. “एक सव्वा सव्वा! दोन सव्वा अडीच!” दुप्पट वेगाने, मोठ्याने, व्हरांड्यात म्हणायचे तसं. तबलजीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तो त्यांच्या मागे पळाला. काका हात सोडून मांडीवर ठेका देत होते. सातावर आल्यावर सगळा हॉल दुकानदाराकडे वळला आणि तो लाल होऊन किंचाळला, “पावणेनऊ!” लोक हसले. बाई हसल्या. मी त्यांना तोंडाला पदर न लावता हसताना पाहिलं.

“आठ सव्वा दहा. नऊ सव्वा सव्वाअकरा. दहा सव्वा साडेबारा.”

आणि सगळे थांबले. तबलाही थांबला, तिहाईशिवाय. कुणीही मान डोलावली नाही. पुढे काही नाही हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं. बाई समोरच्या फोटोकडे बघत होत्या. पाच-सहा मिनिटं कुणी उठलं नाही, मीही पेटीचा भाता दाबला नाही.

निघताना काका माझ्यापाशी आले. माझा खांदा दाबून म्हणाले, “दादाने मला ह्या पाढ्यावरून फार मारलंय रे.” आणि रुमाल काढायला लागले.

पंधरा दिवसांनी बाई काही महिन्यांसाठी मुलीकडे इंदूरला निघाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. सामान लावून झाल्यावर मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

“बाई, तो तास मिळाला ना तुम्हाला?”

“मिळाला,” त्या म्हणाल्या. “पुरा नाही, पण मिळाला. एक जागा खोटी होती.”

“कुठली?”

“सांगून टाकलं तर तू काय शिकणार? शोध, आणि पत्राने कळव. फोनवर नको. फोनवर तू नुसतं हो हो करतोस.”

मुलगी म्हणाली, “आई, आता तरी त्याला सोड.”

“का सोडू?” बाई म्हणाल्या, आणि गाडी हलली.

मला उत्तर सापडायला पाच आठवडे लागले. मी आधी आलापावर संशय घेतला, बिलावल पुन्हा पुन्हा गाऊन बघितला. तबलजीला विचारलं, तो म्हणाला, “खोट तो मास्साब मुझे कहीं नहीं मिली, बस दुकानदार का साढ़े आठ।” मार्चमध्ये एका शनिवारी शाळेत पाचवीच्या वर्गाला मी लय शिकवत होतो. मुलं पाढा म्हणत होती आणि मी सवयीने म्हणालो, “जरा हळू, नीट.” म्हणताक्षणी मला समजलं. त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती अशी:

आदरणीय बाई,

जागा सापडली असं वाटतं. चुकलो असेन तर पहिल्यापासून शोधीन.

मी आलापात शोधत होतो. तिथे ती नव्हती. ती माझ्या ‘एक सव्वा सव्वा’मध्ये होती. मी सवायकी संथ म्हटली, खाली मान घालून, उठावनीत गातो त्या आवाजात. सरांनी आयुष्यात एकदाही पाढा असा म्हटला नाही. ते पाढा धावत म्हणायचे आणि मागे राहिलेल्याला ओढून घ्यायचे. ते गेले म्हणून मी त्यांना हळू केलं, मऊ केलं. ते कुठेतरी आहेत असं मी सांगितलं नाही, पण ते जसे नव्हते तसे मी दाखवले. तेही खोटंच. दुकानदार चुकला आणि काका ओरडले, तिथून पुढचा वेग सरांचा होता. म्हणजे चुकीच्या आधीचं माझं होतं आणि नंतरचं त्यांचं. तुम्ही हसलात तेही नंतरच, हे मला आता आठवतं.

तुम्ही मला खोटं नको म्हणाला होतात, म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. सर गेले त्या संध्याकाळी मी घरी त्यांच्यासाठी दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला आणि अजून लावतो. ते मानत नव्हते, तुम्ही मानत नाही, पण मी मानतो, आणि मला दुसरं काही करता येत नाही. हॉलमध्ये तो दिवा मी आणला नाही. घरात आहे. तुम्हाला सांगितलं नसतं तर तेही लपवणंच झालं असतं.

काका मागच्या रविवारी भेटले. तुमच्या व्हरांड्यात त्यांनी पुन्हा पाढे सुरू केलेत. मुलं सहा आली. त्यांनी पहिल्याच दिवशी तिघांना रडवलं. मी तिथे पेटी घेऊन जायला लागलो आहे, पण ते म्हणतात पेटी नको, वेग कमी होतो. बरोबर म्हणतात.

मुरारमधल्या एका डॉक्टरांच्या मुलीने मला बोलावलं होतं. तिचे वडील गेले, तेही न मानणारे. तिने विचारलं, असं काही आमच्यासाठी कराल का? मी हो म्हटलं. आधी विचारलं, ते कसे होते ते सांगा. ती दोन तास सांगत होती. ते चालताना शिट्टी वाजवायचे, आणि बेसूर वाजवायचे. मी ती बेसूर शिट्टी पेटीवर बसवायच्या खटपटीत आहे. दुरुस्त करत नाही.

वडिलांनी मला त्या दिवशी चक्कीवर ठेवलं असतं तर आज माझं वाईट झालं असतं असं नाही. चांगलं पीठ दळलं असतं. पण हे काम मला मिळालं नसतं, आणि मी ज्याच्यात खोटं राहू नये म्हणून इतका वेळ घालवावा असं दुसरं काही मला ठाऊक नाही. ते तुम्ही दिलंत. एवढं लिहायला मला पत्रच लागलं, फोनवर मी खरंच नुसतं हो हो केलं असतं.

गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते लिहा. आणि उत्तर बरोबर असेल तर फक्त ‘बरोबर’ एवढंच लिहा, मला पुरेल.

तुमचा विद्यार्थी